आगोटीची गोण

भिकीचा फोटो आयुष्यात दोनदाच निघाला. पहिला आधार कार्डाचा, त्यात ती तिच्या सख्ख्या नवऱ्यालाही ओळखू येत नव्हती. दुसरा चंद्रावतीच्या अंगणात, तिच्या मुलाने, हार्दिकने, आपल्या मोबाईलवर काढलेला. "हस की भिकीमावशी, पोलीस काय खाणार नाय तुला," म्हणत त्याने तिला नव्या रंगवलेल्या भिंतीला उभं केलं होतं, आणि भिकी हसली होती. तोच हसरा फोटो पुढे चिखल्यापासून घोलवडपर्यंतच्या सगळ्या मोबाईलांवर फिरला. खाली लिहिलं होतं : 'चोर बाई. झरीची. घरात घेऊ नका.'

भिकीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुनिताने वाचून दाखवलं आणि मग तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चंद्रावतीच्या घरी भिकीने अकरा वर्षं काम केलं होतं. चंद्रावतीचा नवरा चंदर होडीचा तांडेल, आणि वाळवणाचा सगळा कारभार चंद्रावतीचा. बांबूंवर बोंबील टांगायचे, जाळीवर जवळा पसरायचा, दिवसभर कावळे हाकायचे, सुकलं की गोणीत भरून माळ्यावर चढवायचं. ही सगळी कामं भिकी करायची, आणि वर केर, भांडी, धुणं. झरीहून, आपल्या पाड्यावरून, मनिषच्या जीपने सकाळी यायची, उन्हं कलली की जायची. दोघी एका ताटात जेवल्या नसतील, पण एका चुलीवरचं जेवल्या होत्या. भिकी तिला वहिनी म्हणायची. भिकीच्या बाळंतपणात पहिली पेज चंद्रावतीने धाडली होती, हेही सांगायला हवं.

मग कौलारू घर पाडून बंगला झाला. बंगला आला तशी भीती आली, कारण भीतीला कौलं चालत नाहीत, तिला लोखंडी फाटक लागतं. हार्दिक वापीला कंपनीत कामाला. तिथून तो रोज काहीतरी शिकून यायचा. घरकामाच्या बाईची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, म्हणून अर्ज भरला. त्यासाठीच तो फोटो. फाटकावर कॅमेरा लावला. आणि एके दिवशी मान खाली घालून म्हणाला, "मावशी, जाताना जरा पदर झटकून दाखवत जा. पिशवीपण. सगळीकडे असाच करतात आता."

भिकीने चंद्रावतीकडे पाहिलं. ती म्हणेल, अरे ही काय परकी हाय? चंद्रावती म्हणाली, "झटक गे. तुझा काय जाते?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी भिकी कॅमेऱ्याखाली उभी राहायची, पदर झटकायची, पिशवी उलटी करायची. कधी पिशवीतून एखादा कांदा पडे, तोही चंद्रावतीनेच दिलेला. एवढंच काय ते जात होतं तिचं. पण रोज जात होतं.

आता आगोटीची गोष्ट. किनाऱ्यावरच्या घरांत जुनी रीत आहे : पाऊस लागायच्या आत, होड्या वर ओढायच्या वेळी, घरच्या कामकरणीला एक गोण सुकट द्यायची. पावसाळ्याची बेगमी म्हणून ती आगोट. गोण मालकिणीने आपल्या हाताने द्यायची, आणि तोंड शिवलेलं द्यायचं. प्रत्येक घराची शिवण वेगळी. चंद्रावती जाळ्याच्या निळ्या दोरीने शिवायची आणि शेवटी गाठ मारायची ती तिच्या सासूची. दोन वेढे, एक उलटा, आणि शेपूट आत दडवलेलं. व्यापाऱ्याच्या टेम्पोत पन्नास घरांच्या गोण्या असल्या तरी ती गाठ ओळखू यायची. अकरा वर्षं बघूनही भिकीला ती जमली नव्हती. चंद्रावती गाठ मारताना पाठ करून बसायची.

या वर्षीही चंद्रावती स्वतः स्टुलावर चढली, माळ्यावरून गोण ओढली आणि भिकीच्या डोक्यावर ठेवली. बाहेर ढग भरून आलेले, मनिष हॉर्न वाजवत होता, घाई होती. "जप गे, पावसात भिजवू नको," एवढं बोलली. भिकीने त्याही दिवशी गोण खाली ठेवून पदर झटकला, मग गोण उचलली आणि जीपमध्ये चढली. घरी नेऊन तिने ती चुलीवरच्या आढ्याला टांगली. धुरात सुकटीला कीड लागत नाही. भातकापणीला जी माणसं मदतीला येतात त्यांना त्या सुकटीचं कालवण घालायचं, तोवर शिवण उसवायची नाही, ही भिकीच्या घरची रीत.

नारळी पौर्णिमेला चिखल्याच्या बायका दागिने घालून दर्याला नारळ द्यायला निघतात. त्या सकाळी भिकी ओटा धूत होती. माळ्यावर बराच वेळ धडपड ऐकू आली. मग चंद्रावती खाली आली. केसांत जवळ्याची टरफलं, चेहरा पांढराफटक.

"भिके, माळ्यावर कोण चढते?"

"मीच चढते, वहिनी. झाडायला."

"मग माझा सोना कुठं गेला?"

दोन पाटल्या, मोहनमाळ आणि कुड्यांचा जोड. माळ्यावर होता एवढंच चंद्रावती सांगत राहिली. माळ्यावर कुठे, ते तिने सांगितलं नाही. चंदर म्हणाला, पोलिसांत जाऊ. तर ती त्याच्यावरच उसळली, "पोलीस कशाला? चोर समोर उभा हाय."

भिकीचे हात साबणाचे होते. ती म्हणाली, "दर्याची शप्पथ, वहिनी, मी हात लावला नाय. माझ्या घरी चल. चूल उकर, गोण फोड, काय हवा ते कर."

"शपथेनं सोना परत येत नाय," चंद्रावती म्हणाली. "आणि तुझ्या झोपडीत पाय ठेवायला मला वेळ नाय."

चंद्रावती गेलीच असती, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण वेळ नव्हता. फोटो पाठवायला मात्र वेळ होता.

मनिषची जीप रोज झरीच्या चौदा बाया किनाऱ्यावर न्यायची. कोणी बंगल्यात, कोणी चिकूच्या वाडीत. फोटो फिरला त्या आठवड्यात सहा जणींना फाटकावरूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात आणखी चौघींना. सुनिता घोलवडला एका आजारी म्हातारीचं सगळं करायची, सहा वर्षं. म्हातारी रडली, पण सुनेने दार लावलं : झरीची बाई नको. एकीने खाल्लं की नाही कोणास ठाऊक, ओकारी मात्र अख्ख्या पाड्याला आली.

पाड्यात कोणी भिकीशी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं, हंडा डोक्यावर चढवून द्यायला कोणी हात पुढे करायचं नाही. "घेतला असेल तर दे ना बाय परत," एक म्हातारी हळूच म्हणाली, "आमची पोटा कशाला मारतेस?" भिकीने एकटीनेच हंडा डोक्यावर चढवला. त्या दिवसापासून तिने शप्पथ घेणं सोडून दिलं.

भात पिकलं. दरवर्षी आठ-दहा माणसं तिच्या तुकड्यावर यायची. ती त्यांच्याकडे जायची, ते तिच्याकडे. यंदा शेतात भिकी आणि तिचा नवरा बाबल्या, दोघंच. दाणा गळायला लागला. तेव्हा भिकी अपमान गिळून उठली. म्हटलं, वाटी-वाटी सुकट घरोघर नेऊन द्यावी, कदाचित कोणी येईल. भर दुपारी तिने आढ्यावरची गोण खाली घेतली.

गोणीच्या खालच्या कोपऱ्याला उंदराने भोक पाडलं होतं, बोटभर. गोण टेकवताच सुकटीची धार सुपात पडली, आणि त्या धारेबरोबर काहीतरी टणकन वाजलं.

कुडी होती. मोत्यांची, मधोमध लाल खडा. ही कुडी चंद्रावतीच्या कानात तिने अकरा नारळी पौर्णिमांना पाहिली होती.

भिकी खाली बसली. मग बाहेरूनच गोण चाचपायला लागली, आंधळ्यासारखी. मधोमध एक गाठोडं लागलं. गोल, कडक, पाटल्याच. शिवण जशीच्या तशी होती. निळी दोरी, दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत.

तेव्हा तिला सगळं उमगलं. चंद्रावतीची सासू म्हणायची, सोनं कपाटात ठेवू नये, कपाट चोरालाही ठाऊक असतं. सुकटीत ठेवावं, वासाला भिऊन चोर हात घालत नाही. नवऱ्यालाही सांगू नये. म्हातारी गमतीने बोलते असं भिकीला वाटायचं. चंद्रावतीने ते खरं मानलं होतं. फाटक लावलं, कॅमेरा लावला, पोलिसांत फोटो दिला, आणि एवढं सगळं करून सोनं सुकटीत शिवलं. मग ढग आले, घाई झाली, आणि भलतीच गोण ओढून स्वतःच्या हाताने चोराच्या डोक्यावर ठेवली. कॅमेऱ्याखालून. म्हणूनच पोलीस नको होते तिला. सोनं कुठे होतं ते सांगावं लागलं असतं, आणि गावाने टाळ्या पिटल्या असत्या.

भिकीला रडू आलं नाही. तिला राग आला.

बाबल्या आत आला. त्याने कुडी पाहिली, गोण चाचपली आणि म्हणाला, "आगोट आपल्याला दिलेली. आतला जो काय तो आपला."

"म्हंजे मी चोर."

"तर मग नेऊन दे. पाया पडेल तुझ्या."

"परत नेली तर बोलतील, भ्याली म्हणून आणली." भिकीने गाठीवरून बोट फिरवलं. "ही बघ. ही गाठ मला येत नाय, सगळा चिखला जाणते. भोकातून बोट जाईल, पाटली जाणार नाय. ही गोण मी फोडायची नाय. तिनंच फोडायची. सगळ्यांसमोर."

न्याय वगैरे मोठे शब्द भिकीच्या मनात नव्हते. तिला सूड हवा होता, तिखट, भरपूर, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती. विहिरीवरची ती गप्प तोंडं तिला चंद्रावतीभोवती बघायची होती.

कुडी परत आत ढकलावी म्हणून तिने ती भोकाशी नेली. निम्मी आत गेलीही. मग ती थांबली. का थांबली, ते तिने बाबल्याला सांगितलं नाही. कुडी काढून तिने आपल्या कमरेच्या चंचीत, तंबाखूखाली सारली, आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला.

भात दोघांनीच कापलं. निम्मं शेतातच गळलं. भिकीने तेही चंद्रावतीच्या खात्यावर मनात लिहून ठेवलं.

मार्गशीर्षात हार्दिकचा साखरपुडा ठरला. मुलगी भाविनी, उंबरगावची, गुजरातच्या बाजूची, पण जातीतलीच. बातमी मनिषने आणली. साखरपुड्याच्या सकाळी भिकी सुनिताच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिचा हात धरून तिला घरी आणलं. गोणीवर तो हात ठेवला.

"चाचप," म्हणाली.

सुनिताने चाचपलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने गाठ पाहिली, भिकीकडे पाहिलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. "भिकी, हे काय गे?"

"चल माझ्याबरोबर. सगळ्या चला. तुम्ही बघायला पाहिजे."

तासाभरात चौदाच्या चौदा जणी जीपमध्ये होत्या. मनिष म्हणाला, भाडं नको, मला फक्त पुढे उभं राहायला जागा द्या.

बंगल्यासमोर मांडव घातला होता. उंबरगावचे पाहुणे खुर्च्यांवर, तळलेल्या पापलेटचा वास आळीभर पसरलेला. भिकी फाटकातून आत आली आणि चार पावलं टाकून नेमकी कॅमेऱ्याखाली थांबली. डोक्यावरची गोण उतरवली. मागे झरीच्या बाया भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

हार्दिक नव्या कुर्त्यात धावत आला. "मावशी, आज नको. प्लीज. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना काय त्रास नाय. आगोट परत द्यायला आलेय. चोराच्या घरात तुमची आगोट कशाला?"

चंदर उठून आला. होडीवरचा माणूस, घरात कमी बोलणारा. भिकीने त्याला वाकून नमस्कार केला. "तांडेलभाऊ, ही गाठ कोणाची?"

चंदरने खाली बसून गाठ पाहिली. दोरी बोटाने उचलून पाहिली. "आमच्या घरची. माझ्या आईची."

"उसवलीय का मधी?"

"नाय. ही उसवली की परत बसत नाय."

तो मोठ्याने बोलला, होडीवर बोलतात तसा. पाहुण्यांनी माना वळवल्या. एवढ्यात आतून चंद्रावती आली; भरजरी लुगडं, हातात ओवाळणीचं तबक, गळा मोकळा. तिने भिकीला पाहिलं, कपाळाला आठी घातली, मग गोण पाहिली. निळी दोरी पाहिली. आणि पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

भिकी तिच्याकडेच बघत होती. भातकापणीपासून ती या एका क्षणासाठी जेवली-झोपली होती. चंद्रावतीच्या डोळ्यांत मे महिन्यातलं ते स्टूल, ते ढग, तो हॉर्न, सगळं एकामागून एक येताना तिला दिसलं.

चंद्रावतीने तबक कोणाच्या तरी हातात दिलं आणि लगबगीने जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "भिके, मागच्या दारी चल. माझ्या बाय, चल. पाटल्यांतली एक तुझी."

"पाटल्या कुठल्या, वहिनी?" भिकी मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी तर सुकटीचा बोलते."

चंदरने बायकोकडे पाहिलं. मग खिशातला चाकू काढून तिच्या हातात दिला. "फोड."

"अहो, पाहुणे..."

"फोड."

चंद्रावती भरजरी लुगड्यानिशी जमिनीवर बसली. तिची गाठ तिलाच सुटेना. शेवटी दोरी कापली. गोणीत कोपरापर्यंत हात घातला. सुकट तिच्या मांडीवर, काठावर, नव्या बांगड्यांवर सांडली. हात बाहेर आला तेव्हा त्यात हिरव्या खणाचं गाठोडं होतं, एका बाजूने उंदराने कुरतडलेलं. पाटल्या आपोआप बाहेर पडल्या.

मग भाविनीची आई शेजारणीला म्हणाली, "सोनुं सुकटमां?" आणि मागच्या रांगेतून हसू फुटलं. आधी एक, मग दहा. झरीच्या बाया मात्र हसल्या नाहीत. सुनिताचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"हार्दिक," भिकी म्हणाली, "मोबाईल काढ."

"मावशी, मी माफी मागतो. हात जोडतो."

"माझा फोटो काढलास तेव्हा मी हसले होते. तुझ्या आईला हसायची गरज नाय. असाच काढ, हात सुकटीत असलेला. आणि खाली लिही. सोना हिनंच लपवला, हिनंच दिला. आळ झरीच्या बायांवर घेतला. घरात घेऊ नका."

"शेवटचं नको, मावशी. आई आहे माझी."

"योगिता माझी पोर हाय. चौथीच्या वर्गात तिच्या बाकावर कोणी बसत नाय. शेवटचाच पाहिजे."

हार्दिकने बापाकडे पाहिलं. चंदर समुद्राकडे तोंड करून उभा होता. न वळता म्हणाला, "टाक."

हार्दिकने फोटो काढला. अंगठ्याने लिहिलं, हळूहळू, आणि मनिषने त्याच्या खांद्यावरून एकेक शब्द मोठ्याने वाचला. मग मांडवातल्या मोबाईलांनी एकामागून एक आवाज द्यायला सुरुवात केली. खुर्च्यांवरून, पर्समधून, जेवणाच्या टेबलाकडून. लोक खाली बघायचे आणि मग चंद्रावतीकडे. चंद्रावती जमिनीवर बसूनच होती. ती कोणाकडे बघत नव्हती. ती गाठोडं चाचपत होती, सुकट उपसत होती, पुन्हा चाचपत होती.

"एक कुडी नाय," ती म्हणाली.

"आई, बस कर," हार्दिक म्हणाला.

"अरे, दोन होत्या. एकच हाय. दुसरी नाय." तिने गोण उलटी केली, सुकटीचा ढीग बोटांनी विसकटला. भोक सापडलं, त्यातली चिंधी सापडली. "हे बघा. हिनं इथून काढलीय."

"उंदरानं नेली असेल," कोणीतरी म्हणालं. "त्याचा फोटो टाका ग्रुपवर," दुसरा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

चंद्रावती उठली. केस सुटलेले, मांडीवर सुकट. तिने भाविनीच्या आईकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, शेजारणींकडे पाहिलं. ज्या बायकांनी तिचा पहिला निरोप घरोघर पोचवला होता त्या सगळ्या जणी आता पदर सावरत दुसरीकडे बघत होत्या. "दर्याची शप्पथ," ती म्हणाली, "मी खरा बोलते. दोन होत्या."

हे शब्द भिकीने मागितले नव्हते. ते आपल्या पायांनी चालत आले. ती पुढे झाली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने वहिनी म्हटलं नाही.

"शपथेनं सोना परत येत नाय, चंद्रावती."

मग ती फाटकाशी गेली. कॅमेऱ्याकडे तोंड केलं. खांद्यावरचा पदर काढून दोन्ही हातांनी झटकला, एकदा, दोनदा. पिशवी उलटी केली, रिकामी होती.

"चंची!" चंद्रावती ओरडली. "तिची कमरेची चंची बघा! चंची कधी दाखवत नाय ती!"

चंची कमरेला होती, आणि चंचीत कुडी होती. एवढा मोठा सूड, आणि तो आता बोटभर कापडावर लटकत होता. हार्दिक एक पाऊल पुढे आला. भिकी हलली नाही. हलली असती तर संपलं असतं.

"खबरदार," चंदर म्हणाला. तो आता वळला होता. "आजपासून या घरात कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाय. आणि तू आत जा. पुरे झाली तुझी शोभा."

"पण मी खरा..."

"आत जा."

चंद्रावती आत गेली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. तिला ठाऊक होतं. अख्ख्या मांडवात फक्त तिला आणि भिकीला ठाऊक होतं, आणि दोघींतली एकच बोलत होती, तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. भिकीला हेच हवं होतं. फोटो, हसू, पाहुणे, ते सगळं वरचं होतं. हे खालचं.

जीप सुरूच्या झाडांपाशी आली तेव्हा भिकीने मनिषला थांबायला सांगितलं. भरती होती, पाणी पार झाडांच्या मुळांशी आलं होतं. बायका मागे मोठमोठ्याने बोलत होत्या. कोणाला आत्ताच फोन आला होता, उद्यापासून ये म्हणून, कोणी जाणार होती, कोणी म्हणत होती चार दिवस ताणायचं, समजू दे त्यांना. भिकी एकटीच पाण्यापर्यंत गेली. चंची सोडली. तंबाखूच्या चुऱ्यात मोती चमकले.

ती विकता आली असती. तलासरीच्या बाजारात एक कुडी कोणीही काही न विचारता घेतली असती. पण भिकीला त्यातलं काहीच नको होतं. चार महिने फुकट चोर म्हणवून घेतलं होतं. आज खरंच झाली होती, आणि ते तिला डाचलंही. तिने दर्याची शप्पथ घेतली होती ती खरी होती. चंद्रावतीचीही खरी होती. दर्याला दोन्ही माहीत. तिने हात मागे नेला आणि कुडी जितकी लांब जाईल तितकी फेकली.

वळली तर सुनिता चार पावलांवर उभी होती. तिने काय पाहिलं आणि काय नाही, तिच्या तोंडावरून कळेना.

"भिकी," ती म्हणाली, "खरंच दोन होत्या काय गे?"

भिकीने चंची गुंडाळून कमरेला खोचली, ओल्या वाळूत रुतलेला पाय काढला आणि जीपकडे चालायला लागली.

"तिला विचार," ती म्हणाली. "ती खरा बोलते."